उजेड ऐकणाऱ्यावर

इरावती मोहरीलचं नाटक मी पहिल्यांदा नागपूरला पाहिलं, तेव्हा भर प्रयोगात उभा राहून ओरडलो होतो, "अहो लाइटवाले, झोपले काय? गाणाऱ्या बाईवर टाका ना उजेड!"

स्टेजच्या कोपऱ्यात, अंधारात एक बाई गात होती आणि सगळा उजेड होता तिच्या मुलावर. तो पाटावर बसून वरणभात कालवत होता. मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने माझा शर्ट ओढून मला खाली बसवलं आणि म्हणाला, "ते तसंच आहे." मग मी नाइलाजाने त्या मुलाकडे पाहत राहिलो. आई गात होती आणि त्याचा घास हातातच राहिला होता. तो गात नव्हता, बोलत नव्हता, रडतही नव्हता. रडलो मी. चांगला नाक शिंकरून रडलो. आणि रडून झाल्यावर, आपल्याला हे पहिल्यापासून कळलं होतं अशा थाटात शेजारी बसलेल्या साळ्याला म्हणालो, "पाहिलं? याला म्हणतात प्रयोग."

रायपूरला परतलो तो इरावतीबाईंचा प्रचारक होऊनच. तेव्हा छत्तीसगड राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. राजधानी नवी होती, त्यामुळे गावातल्या प्रत्येक गोष्टीला बढती मिळाली होती. कोपऱ्यावरचा पानठेला रातोरात 'राजधानी पान पॅलेस' झाला होता. मंत्रालय एका जुन्या दवाखान्याच्या इमारतीत भरत होतं, आणि जिथे पूर्वी हातपाय मोडलेली माणसं पडून असायची, त्या खोलीत मी सेक्शन ऑफिसर म्हणून बसत होतो. गावाबरोबर आपल्या गळ्यालाही बढती मिळाली आहे, असं माझं प्रामाणिक मत होतं. ते आणखी कोणाचं नव्हतं.

समता कॉलनीतल्या आमच्या मराठी मंडळात गणपतीत दरवर्षी संगीत नाटक व्हायचं. दरवर्षी तेच व्हायचं, आणि त्याचा नायकही तोच असायचा, म्हणजे अच्युत पांढरीपांडे, म्हणजे मी. नाटकाचं नाव 'संगीत विरहमोचन'. मंडळाचे संस्थापक दत्तोपंत रेल्वेत मालबाबू होते. वॅगनी मोजता मोजता त्यांनी ते लिहिलं. राजा चंद्रसेन लढाईवर जातो, बारा वर्षांनी परत येतो, रुसलेली राणी दार उघडत नाही. मग राजा दाराबाहेर उभा राहून 'न उघडिशी का द्वार' हे पद गातो, दार उघडतं, पडदा पडतो. दम असेल त्याला ते पद अर्धा तास आळवता येतं. मला दम नव्हता, तरी मी अर्धा तास आळवत असे. दम कमी पडण्याचा दोष मी सिलतऱ्याच्या कारखान्यांना देत असे, कारण त्यांची काळी धूळ गच्चीवरच्या पापडांवर येते तर माझ्या फुप्फुसांत का येणार नाही?

आता खरी गोष्ट सांगतो. एवढी वर्षं ते पद गाऊन मला एकदाही वन्समोअर मिळाला नव्हता. टाळ्या मिळायच्या, त्या पद संपल्याच्याही असू शकतात. भिलाईच्या मंडळातल्या रणजितला एकाच प्रयोगात दोन मिळाले होते, आणि ते सांगायला तो स्कूटरवर बसून रायपूरला आला होता. माझी निवृत्ती जवळ आली होती, वरचा सा दरवर्षी आणखी वर सरकत होता. पुढच्या वर्षी राजाचं काम कोणी तरुण करणार, हे मंडळात ठरल्यासारखंच होतं. मला एक वन्समोअर हवा होता. एकच. मनातून इतकं काही मी नोकरीसाठीसुद्धा मागितलं नव्हतं.

इरावतीबाईंसारखी दिग्दर्शिका आली तर माझ्या पदाचं सोनं होईल, असं मला वाटलं. म्हणून मंडळाच्या बैठकीत मी भाषण ठोकलं. "गाणं गाणाऱ्याचं नसतं, ऐकणाऱ्याचं असतं! उजेड गाणाऱ्यावर नको, ऐकणाऱ्यावर हवा!" वगैरे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि बाईंना बोलवायचं ठरलं. तत्त्व सगळ्यांसाठी असतं आणि आपण त्यातून वगळलेले असतो, हे मी धरूनच चाललो होतो.

बाई आल्या. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, खादीचा कुर्ता, पायात प्लॅस्टिकच्या चपला. हॉटेलात झोप येत नाही म्हणून आमच्याच घरी उतरल्या. त्यामुळे त्यांना आमची सकाळ पाहायला, किंवा ऐकायला मिळाली. आमची सकाळ अशी: मी न्हाणीघरात पदाचा रियाज करतो, आणि पद संपलं की स्वयंपाकघरातून माझी बायको सरला हाक मारते, "झालं असंल तं या बाहेर, पोहे थंड होऊन राहिले." लग्न झाल्यापासून हे असंच चाललं आहे. नाटकाशी सरलाचा संबंध एवढाच, की राजाच्या शेल्याला इस्त्री ती करते. पदाबद्दल तिने कधी बरं म्हटलं नाही की वाईट म्हटलं नाही. तिला गाण्यातलं कळत नाही, असं मी चारचौघांत कौतुकाने सांगत असे.

पहिल्या तालमीला बाई म्हणाल्या, "म्हणा भाऊ, तुमचं ते पद." मी सगळं म्हटलं, एक तानही सोडली नाही. बाईंनी हनुवटीला हात लावून शेवटपर्यंत ऐकलं.

"छान," त्या म्हणाल्या. "आता हे काढून टाकू."

"हे म्हणजे कोणतं? शेवटची तान?"

"पद."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. हॉलमधला पंखासुद्धा तेव्हाच बंद पडला.

"भाऊ, बारा वर्षांनी माणूस घरी येते," बाई समजावून सांगू लागल्या. "दाराशी उभा राहते, अन् पहिलं काम काय करते, तं स्वतःच गाते. बारा वर्षं त्या बाईनं कशे काढले, हे ऐकायचं नाही काय त्याले? ते आत तांदूळ पाखडून राहिली, आपल्याशीच गुणगुणून राहिली. हा बाहेरून ऐकते. उजेड याच्या तोंडावर. बस. मग दार उघडते."

"आणि मी काय म्हणतो?"

"काहीच नाही. ऐकता."

"अर्धा तास?"

"नाही जी. तीन-चार मिनिटं. पण खरंखुरं ऐका लागंल."

मंडळी माझ्याकडे पाहू लागली. माझ्याच भाषणातली वाक्यं आता माझ्याकडे बोट दाखवत होती. "अपूर्व कल्पना!" असं मी म्हणालो, आणि पाणी प्यायला बाहेर गेलो. परत आलो तर राणी कोण यावर चर्चा चालली होती. इतकी वर्षं राणीचं काम करणाऱ्या विमलाताई मुलाकडे पुण्याला राहायला गेल्या होत्या. बाईंनी दाराकडे पाहिलं. चहाचा थर्मास घेऊन सरला आत येत होती.

"वहिनी करतील," बाई म्हणाल्या.

"मी?" सरला हसलीच. "काहून गंमत करता? स्टेजवर गेली तं माह्ये पाय कापतात."

"स्टेजवर जायचंच नाही. तुम्ही दाराच्या मागं. कोणी पाहणारच नाही तुम्हाले."

एवढ्यावर ती तयार झाली. घरात रोज तेच करते, असं म्हणाली. दत्तोपंतांचं चार ओळींचं एक साधं पद तिला गायला दिलं.

मग सुरू झाली माझी ऐकण्याची तालीम. ऐकणं म्हणजे काय, कान आहेत, उभं राहायचं, असं मला वाटत होतं. सरलाने दाराआडून पहिली ओळ म्हटली आणि मी डोळे मिटून मान डोलावली, समेवर मांडीवर थाप मारली आणि दोन बोटं हवेत उडवली. बाईंनी थांबवलं.

"भाऊ, तुम्ही ऐकून नाही राहिले. दाद देऊन राहिले."

"दोन्ही एकच ना?"

"दाद देणाऱ्याचं अर्धं लक्ष स्वतःकडं असते. आपण किती समजदार, हे लोकाले दिसलं का नाही, इकडं."

तीस वर्षं बैठकांत पुढच्या सतरंजीवर बसून कमावलेली माझी सगळी विद्या बाईंनी एका वाक्यात गुंडाळली. माझे हात थांबेनात म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी हातात लोखंडी ट्रंक दिली. बारा वर्षांनी येणारा राजा रिकाम्या हाताने कसा येईल, म्हणे. हात थांबले तर भुवया दाद देऊ लागल्या. त्यांनी मुंडासं भुवयांपर्यंत खाली ओढलं. मग मान. मानेला काही करता येईना, तेव्हा बाई सुस्कारा टाकून म्हणाल्या, "राहू द्या. प्रयोगाच्या दिवशी पाहू."

आणि तरी सांगतो, बाई अफाट होत्या. मी मनातून धुमसत असतानाही मला ते दिसत होतं. दुसऱ्या अंकात सेनापती धमकीचं पद गातो. दरवर्षी तो तलवार फिरवत, डोळे वटारत गायचा आणि लहान मुलं हसायची. बाईंनी त्याला अंधारात उभं केलं आणि उजेड टाकला म्हाताऱ्या द्वारपालाच्या हातांवर. त्या हातांत किल्ल्या होत्या. पद पुढे सरकलं तशा किल्ल्या वाजू लागल्या. मी इतकी वर्षं ते पद ऐकत होतो, पण ते भीतीचं आहे, हे त्या दिवशी कळलं. बाईंचं कौतुक मला खरंच वाटत होतं. फक्त ते दुसऱ्याच्या पदाच्या वेळी वाटत होतं.

तेव्हा मी कट केला. माझ्या हाताखाली सुशील म्हणून एक जण होता, इथलाच, पुरानी बस्तीतला. रायपुरात कोणालाच पांढरीपांडे म्हणता येत नाही, तो मला पांडेजी म्हणायचा. त्याला मी तेलीबांध्याच्या तलावाकाठी नेऊन भजी खाऊ घातली आणि योजना सांगितली. सरलाचं चार ओळींचं पद संपलं, की दार उघडायच्या आत मी माझं पद सुरू करणार. चालू नाटकात बाई काय मला ओढून नेणार आहेत? आणि पद संपलं की मी उजवा हात वर करीन. त्याबरोबर तिसऱ्या रांगेतून त्याने ओरडायचं, वन्समोअर.

"मतलब, एक बार और?" सुशीलने विचारलं.

"हव."

"पर पांडेजी, एक बार में समझ नहीं आएगा क्या लोगों को?"

"अरे तशी पद्धत आहे आमच्यात. जे आवडतं ते पुन्हा म्हणायला लावतात."

"हव, टेंशन मत लो. पूरा सेक्शन ले के आता हूं," असं म्हणून त्याने माझ्या वाटणीची भजीही संपवली.

प्रयोगाच्या दिवशी सकाळी मी न्हाणीघरात पद जरा जास्तच लांबवलं. बाहेर आलो तर बाई व्हरांड्यात चहा पीत बसल्या होत्या. त्या माझ्याकडे बघून काही बोलल्या नाहीत. स्वयंपाकघराकडे बघून मात्र हसल्या. मला वाटलं, पोह्यांचा वास आवडला असेल.

संध्याकाळी हॉल भरला. तिसऱ्या रांगेत आमचं अख्खं सेक्शन बसलं होतं, इस्त्रीच्या शर्टात, एखाद्या मीटिंगला आल्यासारखं. दोन अंक झाले. तिसऱ्यात मी ट्रंक घेऊन दाराशी येऊन उभा राहिलो. सगळीकडे अंधार, उजेड फक्त माझ्या तोंडावर. दाराआडून सुपाचा आवाज येऊ लागला. चार ओळी संपेपर्यंत थांबायचं होतं. मी पोटात श्वास भरून घेतला.

आणि सरलाने सुरू केलं, 'न उघडिशी का द्वार.'

माझं पद! पहिला विचार आला तो असा, की ही बाई घाबरून चुकली. दुसरा आला तो असा, की आता मी काय म्हणू? सुशीलला काय कळणार? मी दाराकडे डोळे वटारले, पण मुंडासं भुवयांवर होतं, त्यामुळे ते कोणाला दिसलं नाही. आत सूप चालू होतं आणि ती अगदी बारीक आवाजात, स्वतःशीच म्हणावं तसं म्हणत होती. 'द्वार'वर ती मधेच थांबली. द्वा... आणि श्वास घेऊन, ...र.

तिथे श्वास नाही. दत्तोपंतांच्या चालीत तिथे श्वास घ्यायची जागाच नाही. तिथे श्वास मी घेतो, कारण मला पुरत नाही. तिला वाटत होतं, चालच तशी आहे.

मग अंतरा आला. अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीत मी रोज सकाळी गार पाण्याचा पहिला तांब्या अंगावर घेतो आणि माझ्या तोंडून 'हुं' असा आवाज निघतो. दाराआडून सरला ओळ म्हणत गेली आणि बरोबर त्या जागी, सुरात, म्हणाली, "हुं." आणि पुढे गेली. तानेच्या आधी मला खोकला येतो. तिथे ती थांबली. माझा खोकला चालतो तेवढा वेळ नुसतं सूप वाजत राहिलं, आणि मग तिने तान घेतली, माझ्यासारखीच अर्धवट, शेवटी खाली घसरणारी.

लोकांना यातलं काही माहीत नव्हतं. मला माहीत होतं. इतकी वर्षं मी दार लावून, कडी घालून, कोणी ऐकत नाही म्हणून चिडून गात होतो, आणि पलीकडे ही माझा खोकलासुद्धा पाठ करत होती. मला फार भरून आलं. मान हलली नाही, भुवया हलल्या नाहीत. ट्रंक कधी खाली ठेवली ते कळलं नाही. पद संपलं तेव्हा समोरचं काही दिसेना, म्हणून डोळे पुसायला मी हात वर केला.

उजवा.

"वन्समोर!" तिसऱ्या रांगेतून सुशील उभा राहून गरजला. त्यामागोमाग अख्खं सेक्शन, कर्तव्य बजावत, "वन्समोर! एक बार और! पांडेजी, एक बार और!" मंडळाच्या बायकांनी मागे वळून त्यांना दटावलं. शेवटच्या रांगेत बाईंनी ऑर्गनसकट नेऊन बसवलेल्या आमच्या ऑर्गनवाल्यांनी सवयीने मला सूरसुद्धा दिला. मग हॉल शांत झाला. सगळे माझ्याकडे पाहत होते.

मला हवं होतं ते सगळं समोर होतं. वन्समोअर होता, सूर होता, दार बंद होतं, पद माझं होतं. तोंड उघडायचा अवकाश होता.

मी तोंड उघडलं, आणि दाराकडे वळून म्हणालो, "हव. म्हण ना पुन्हा एकदा."

चंद्रसेन महाराजांच्या तोंडून हे निघालं. दत्तोपंतांच्या राजाने जन्मात कधी हव म्हटलं नसेल. दाराआड सूप थांबलं. आणि मग रोजच्या, अगदी रोजच्या आवाजात सरला म्हणाली, "झालं असंल तं या आत. पोहे थंड होऊन राहिले."

दार उघडलं. पडदा पडला. हॉलमध्ये हसणं आणि टाळ्या यांचा असा गोंधळ झाला, की आमचं सेक्शन घाबरून आणखी एकदा वन्समोर ओरडलं.

मेकअपच्या खोलीत मी बाईंना गाठलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच सकाळी कळलं," त्या म्हणाल्या. "तुमच्या घरी रोज दोन गाणे ऐकू येतात, भाऊ. एक न्हाणीघरातून, एक चुलीपासून. तुमच्या मागून अर्ध्या ओळीनं त्या म्हणतात. मीच सांगितलं वहिनीले, प्रयोगाले तेच म्हणा."

"मग मला तालमीत काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तं तुम्ही दाद दिली असती."

मी त्यांच्या पाया पडणार होतो, पण त्या चपला शोधायला वाकल्या आणि आमची डोकी आपटली.

घरी जाताना रिक्षात सरला राजाच्या शेल्याची घडी घालत होती. मग हळूच म्हणाली, "लय चुकलं काय जी माह्यं?"

"नाही."

"ते हुं बरोबर आलं ना? ते जागा मले अवघड जाते."

"बरोबर आलं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाणीघरात गेलो. रात्री चांगली झोप लागली होती, गळा मोकळा होता, आणि पहिल्यांदाच असं वाटलं, की आज 'द्वार' एका दमात जाईल. खरंच गेलं असतं. दम उरला होता. पण मी 'द्वा'वर थांबलो आणि श्वास घेतला, कारण स्वयंपाकघरात कोणीतरी अर्ध्या ओळीने मागून येत होतं, आणि ते तिथे थांबणार होतं.

मग गार पाण्याचा तांब्या घेतला आणि हुं म्हणालो, जरा मोठ्याने.